चरित्र आणि चारित्र्य : टॉम विल्सच्या निमित्ताने

मराठीत ‘चरित्र’ आणि ‘चारित्र्य’ या दोन शब्दांत एका कान्याचे आणि एका यकाराचे अंतर आहे. व्यवहारात हे अंतर आपण फारसे पाळत नाही. ज्याचे चारित्र्य निर्मळ त्याचेच चरित्र लिहावे, वाचावे आणि मुलांच्या हाती द्यावे, असा संकेत एकोणिसाव्या शतकापासून आपल्याकडे रुजलेला आहे. ‘चरित्रनायक’ हा शब्दही त्याच संकेताचा वारस. ज्याचे आयुष्य सांगायचे तो नायक असणार हे आधीच ठरून गेलेले. आत्मकथनांनी, विशेषतः स्त्रियांच्या आणि दलितांच्या आत्मकथनांनी, हा संकेत बराच सैल केला. परंतु दुसऱ्याचे आयुष्य सांगायची वेळ आली की आपला हात अजूनही अडखळतो. दारू, बेबनाव, आत्मनाश अशी पाने आली की चरित्रकार घाईने पुढे सरकतो, किंवा मग त्याच पानांवर रेंगाळतो. टॉम विल्स या ऑस्ट्रेलियन खेळाडूविषयी वाचताना हे दोन शब्द आमच्या मनात सारखे एकमेकांवर आदळत राहिले. हा लेख त्या आदळआपटीतून निघालेला आहे.

विल्सचे नाव आपल्याकडे कोणी ऐकलेले असण्याचे कारण नाही. तो ज्या खेळासाठी ओळखला जातो तो ‘ऑस्ट्रेलियन फुटबॉल’ आपल्या मैदानांवर दिसत नाही. लंबवर्तुळाकार विस्तीर्ण मैदान, लांबट चेंडू, दोन्ही बाजूंना अठरा अठरा खेळाडू, दोन्ही टोकांना चार चार उंच खांब, आणि लाथाडलेला चेंडू हवेत झेलण्यासाठी प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावरून घेतलेल्या उड्या, असा हा खेळ. मात्र तो ज्या मैदानाच्या अंगणात जन्मला ते मैदान आपल्याला चांगले परिचयाचे आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पहाटेच्या थंडीत रेडिओला कान लावून ज्यांनी कसोटी सामन्यांचे समालोचन ऐकले, त्यांना ‘मेलबर्न क्रिकेट ग्राउंड’ हे शब्द घरच्यासारखे वाटतात. याच मैदानाबाहेर विल्सचा पुतळा उभा आहे. लुई लॉमन या शिल्पकाराने घडवलेला आणि 2001 मध्ये उभारलेला हा पुतळा विल्सला पंचाच्या भूमिकेत दाखवतो. सामना आहे 1858 सालचा.

टॉमस वेंटवर्थ विल्सचा जन्म 19 ऑगस्ट 1835 रोजी न्यू साउथ वेल्समध्ये, आजच्या कॅनबेराच्या परिसरात झाला. त्याचा आजोबा इंग्लंडहून शिक्षा भोगण्यासाठी पाठवलेला कैदी. बाप होरेशिओ मात्र मेंढ्यांच्या कळपांवर आणि अफाट कुरणांवर श्रीमंत झालेला, पुढे लोकप्रतिनिधीही झालेला. टॉम लहान असतानाच हे कुटुंब आजच्या व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिम भागात, ग्रॅम्पियन्स डोंगरांच्या पायथ्याशी आले. ही भूमी जाब वुरुंग या आदिवासी समाजाची. आसपास गोरी मुले जवळजवळ नव्हतीच. टॉमचे सवंगडी जाब वुरुंग मुले. तो त्यांची भाषा अस्खलित बोले, त्यांची गाणी म्हणे, त्यांच्या हालचालींची हुबेहूब नक्कल करी, अशी आठवण त्याचा आतेभाऊ हॅरिसन याने पुढे नोंदवून ठेवली आहे. हा हॅरिसन लक्षात ठेवावा. तो या कथेत पुन्हा येणार आहे.

चौदाव्या वर्षी, 1850 मध्ये, बापाने टॉमला इंग्लंडमधील रग्बी येथील प्रसिद्ध शाळेत धाडले. मुलाने कायदा शिकावा, परत येऊन वसाहतीच्या राजकारणात नाव काढावे ही बापाची इच्छा. मुलाने नाव काढले ते क्रिकेटमध्ये आणि त्या शाळेच्या खास फुटबॉलमध्ये. 1856 च्या अखेरीस तो परतला तेव्हा सोन्याच्या शोधाने भरभराटीला आलेल्या मेलबर्न शहरात त्याच्या तोडीचा क्रिकेटपटू नव्हता. मेलबर्न क्रिकेट मंडळाचा तो काही काळ सचिवही झाला आणि मंडळाचे दप्तर अस्ताव्यस्त टाकून पायउतार झाला. ज्याला दप्तर नीट ठेवता येत नव्हते त्याचे नाव पुढे एका नियमावलीशी कायमचे जोडले जावे, ही गंमतच म्हणायची.

10 जुलै 1858 रोजी ‘बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया’ या क्रीडापत्रात विल्सचे एक पत्र प्रसिद्ध झाले. क्रिकेटचा हंगाम संपला आहे, खेळाडूंनी हिवाळाभर अंग जड होऊ न देता फुटबॉलचे मंडळ काढावे, तीन किंवा अधिक जणांची समिती नेमून नियम तयार करावेत, चेंडूमागे धावणाऱ्या पायांनी मैदानाची हिरवळही घट्ट बसेल. आणि हे जमत नसेल तर निदान नेमबाजीचे मंडळ तरी काढावे, असा त्याचा आशय. पत्र अगदी व्यवहारी आहे. एका राष्ट्रीय खेळाचा पाया आपण घालतो आहोत याची पुसटशी जाणीवही त्यात नाही.

त्याच वर्षी 7 ऑगस्टला स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या दोन शाळांत सामना सुरू झाला. प्रत्येक बाजूला चाळीस चाळीस मुले. पंच दोन: एक विल्स आणि दुसरे जॉन मकॅडम हे रसायनशास्त्रज्ञ, ज्यांच्या नावावरून मॅकाडेमिया हे कठीण कवचाचे फळ ओळखले जाते. तीन वेगवेगळ्या दिवशी खेळूनही दोन्ही बाजूंना एकेकच गोल करता आला आणि सामना बरोबरीत सुटला. पुढे 17 मे 1859 रोजी विल्स, विल्यम हॅमर्सली, जे. बी. थॉम्पसन आणि टॉमस स्मिथ ही मंडळी मैदानाजवळच्या एका हॉटेलात जमली आणि त्यांनी दहा नियम लिहून काढले. नडग्यांवर लाथा मारण्याची रग्बी शाळेची पद्धत त्यांनी बंद केली. चेंडूच्या पुढे उभे राहिल्यास तो गुन्हा, म्हणजे आज आपण ज्याला ‘ऑफसाइड’ म्हणतो तो नियम, त्यांनी ठेवलाच नाही. लाथाडलेला चेंडू नीट झेलणाऱ्याला मोकळी लाथ मिळाली. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनचे नियम 1863 मधले. म्हणजे मेलबर्नची नियमावली त्याहून चार वर्षांनी जुनी आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला या दहा नियमांत रस वाटावा असे काही आहे. ही संहिता आहे, पण तिला एक लेखक नाही. चौघांनी बसून लिहिलेल्या मजकुरात कोणाचे वाक्य कोणते हे सांगता येत नाही. त्यातच साक्षीदारांची तोंडे दोन दिशांना. हॅरिसन आपल्या 1923 च्या आठवणींत सांगतो की, विल्स स्वतः रग्बीचा विद्यार्थी असूनही तो खेळ जसाच्या तसा न उचलता आपला स्वतंत्र खेळ घडवावा असा शहाणपणाचा सल्ला त्याने दिला. प्रत्यक्ष बैठकीत हजर असलेला हॅमर्सली मात्र सांगतो की विल्सला रग्बीचेच नियम हवे होते, पण ते त्याच्याशिवाय कोणाला समजेनात म्हणून बाजूला पडले. दोघेही त्याला ओळखणारे, आणि दोघेही बऱ्याच वर्षांनी लिहिणारे. आम्हांला दोन्ही साक्षी जवळ ठेवाव्याशा वाटतात. एकाच माणसाने बैठकीत एक बोलावे आणि मित्रांत दुसरे, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

आता त्या आयुष्यातले काळे पान. 1861 मध्ये होरेशिओ विल्सने क्वीन्सलंडमध्ये, स्प्रिंग्सुअरजवळ कलिन-ला-रिंगो येथे, नवे कुरण वसवायचे ठरवले आणि मुलाला बरोबर नेले. मेंढ्या, बैलगाड्या, चाकरमाणसे, बायकामुले असा हा तांडा होता. 17 ऑक्टोबर 1861 रोजी तेथील गायिरी समाजाच्या लोकांनी तळावर हल्ला केला आणि होरेशिओसह एकोणीस जणांना ठार मारले. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात आदिवासींच्या हातून एका वेळी इतके वसाहतवाले कधीच मारले गेले नव्हते. टॉम त्या वेळी मागे राहिलेले सामान आणायला गेला होता म्हणून वाचला. त्याआधी शेजारच्या एका कुरणाच्या मालकाने मेंढ्या चोरल्याच्या संशयावरून गायिरींवर हल्ला केला होता. सूड उगवला तो भलत्याच तळावर. त्यानंतर गोऱ्यांनी आणि सरकारच्या सशस्त्र पोलिसांनी जो सूड घेतला त्यात काही शेकडा आदिवासी मारले गेले असावेत असे अभ्यासक मानतात. एकोणीस मेलेल्यांची नावे आपल्याला मिळतात. त्या शेकडोंची मिळत नाहीत.

या घटनेनंतर पाच वर्षांनी, 1866 च्या अखेरीस, टॉम विल्स पश्चिम व्हिक्टोरियातील एडनहोपला गेला आणि तेथील कुरणांवर राबणाऱ्या आदिवासींच्या क्रिकेट संघाचा प्रशिक्षक झाला. 26 डिसेंबर 1866 रोजी हा संघ मेलबर्नच्या मैदानावर उतरला. हजारो प्रेक्षक जमले होते. संघ नऊ गड्यांनी हरला, पण शहरात चर्चा त्याचीच झाली. बापाच्या मारेकऱ्यांच्या वंशातल्या लोकांना हा खेळ कसा शिकवतो, असा प्रश्न त्या काळी काहींना पडला असणार. आज वाचणाऱ्याला तोच प्रश्न उलट्या बाजूने पडतो: बालपणीच्या भाषेकडे तो परत गेला का? त्या संघातल्या खेळाडूंची भाषा आणि जाब वुरुंगांची भाषा या बहिणी-बहिणी होत्या. आपण त्या संघाकडे का गेलो याचा खुलासा विल्सने कोठेही केलेला नाही. त्याला पैशांची गरज होती हे मात्र उघड आहे. इंग्लंडच्या दौऱ्याचा बेत पैसा पुरवणाऱ्याच्या लबाडीने 1867 मध्ये फसला. पुढच्या वर्षी संघ खरोखर इंग्लंडला गेला तेव्हा कर्णधार चार्ल्स लॉरेन्स होता. विल्सला कोणी बरोबर घेतले नाही.

त्यानंतरचा उतार फार वेगाचा. जीलाँगच्या संघातून फुटबॉल चालू होते, पण क्रिकेटमध्ये त्याच्या गोलंदाजीवर चेंडू ‘फेकण्याचा’ ठपका आला आणि 1872 मध्ये पंचाने तो जाहीरपणे ठेवला. दारू वाढली, पैसा आटला. सहचरी सारा बार्बरसह तो मेलबर्नच्या सीमेवरील हायडलबर्गला राहू लागला. 1880 च्या मे महिन्याच्या पहिल्या दिवशी त्याला भ्रम होऊ लागल्याने रुग्णालयात नेण्यात आले. तेथून तो निसटला आणि दुसऱ्या दिवशी, 2 मे रोजी, त्याने आपल्या हाताने जीवन संपवले. वय चव्वेचाळीस. अंत्यविधीला मोजकी माणसे होती. थडग्यावर दगड नव्हता. तो बसला 1980 मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी.

या शंभर वर्षांत ‘फुटबॉलचा जनक’ ही पदवी कोणाला मिळाली? आतेभाऊ हॅरिसनला. 1908 मध्ये खेळाचा सुवर्णमहोत्सव झाला तेव्हा तो सन्मान त्याच्याकडे गेला. हॅरिसन उत्तम खेळाडू होता, 1866 च्या सुधारित नियमांत त्याचा मोठा वाटा होता, तो दीर्घायुषी, नीटनेटका, सरकारी नोकरीतला गृहस्थ होता आणि त्याने आठवणी लिहून ठेवल्या. जनक म्हणून मिरवावा असा. त्याने विल्सवर अन्याय केला असे म्हणवत नाही. आपल्या पुस्तकात तो विल्सला श्रेय देतो. निवड हॅरिसनने केली नाही, समाजाने केली. 1859 च्या बैठकीत कोण होते हे कागदोपत्री स्पष्ट असतानाही चारित्र्याने चरित्र गिळून टाकले.

मग काळ बदलला. 1996 मध्ये खेळाच्या सन्मानदालनात विल्सचे नाव लागले. 1998 मध्ये मार्टिन फ्लॅनगन यांची ‘द कॉल’ ही विल्सवरची कादंबरी आली. 2008 मध्ये ग्रेग डी मूर या मानसोपचारतज्ज्ञाने विल्सचे सविस्तर चरित्र प्रसिद्ध केले. हा क्रम आम्हांला बोलका वाटतो. कादंबरी आधी आली, चरित्र मागून. कागदपत्रे धुंडाळली जाण्यापूर्वीच कल्पनेला या माणसाची गरज भासली होती.

कशासाठी? याचे उत्तर एका शब्दात सांगता येते: ‘मार्नग्रूक’. व्हिक्टोरियातील आदिवासी समाजांत पोसमच्या कातड्याचा चेंडू उंच लाथाडून हवेत झेलण्याचा खेळ होता. ब्रो स्मिथ यांच्या 1878 च्या ग्रंथात त्याचे वर्णन आहे. ब्लांडोव्स्की या निसर्गअभ्यासकाच्या 1857 च्या मोहिमेतून आलेल्या एका चित्रात मुले चेंडू लाथाडताना दिसतात. जाब वुरुंग मुलांत वाढलेला टॉम हा खेळ खेळला असेल, आणि ती उंच झेल घेण्याची रीत त्याने नव्या खेळात आणली असेल, ही कल्पना कोणाही संवेदनशील माणसाला भुरळ घालील अशी आहे. 1998 मध्ये मॉयस्टन गावी, विल्सच्या बालपणाच्या परिसरात, तसे स्मारकही उभे राहिले. उलट 2008 मध्ये खेळाच्या अधिकृत इतिहासग्रंथातच गिलियन हिबिन्स या इतिहासकार बाईंनी ही मोहक दंतकथा आहे असे लिहिले आणि मोठे वादळ उठले. कारण विल्सच्या पत्रांत, लेखांत, नियमांत आदिवासी खेळाचा एकही उल्लेख नाही.

साहित्य शिकवणाऱ्यांना आयुष्यात सूत्र शोधण्याची सवय असते. बालपण, परदेश, परतणे, रक्तपात, पश्चात्ताप, पतन: विल्सच्या आयुष्याला जणू नाटकाचे अंक आयतेच पाडून मिळाले आहेत. मार्नग्रूक हा त्यातला हरवलेला दुवा म्हणून बसवला की सारे कसे जुळून येते! आम्हांलाही ते जुळणे गोड वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण याच गोडव्यात एक काटा आहे, आणि तो पुराव्याच्या अभावाहून जास्त खुपतो. समजा उद्या विल्सचे एखादे पत्र सापडले आणि त्यात ‘मी लहानपणी हा खेळ खेळलो’ असे वाक्य निघाले, तर मार्नग्रूक अधिक खरा होईल काय? आणि ते कधीच सापडले नाही तर कमी खरा? जाब वुरुंगांचा खेळ एका गोऱ्या मुलाच्या आठवणीतून वाहत आला तरच त्याला इतिहासात जागा, ही अट कोणी घातली? तो खेळ विल्सच्या जन्माआधी होता आणि विल्सच्या सहीवाचूनही होता. दोन जखमी समाजांमधला पूल म्हणून एका माणसाला उभे करताना आपण नकळत मान्य करून टाकतो की पूल बांधण्याचा मक्ता त्याच्याच जातकुळीकडे आहे.

2021 मध्ये या चरित्राने आणखी एक वळण घेतले. शिकागोच्या एका दैनिकात 1895 मध्ये छापलेला एक जुना लेख संशोधकाच्या हाती लागला. त्याचा लेखक पूर्ण नाव न देता सांगतो की कलिन-ला-रिंगोनंतरच्या सूडाच्या कत्तलीत आपणही होतो असे विल्सने त्याला सांगितले होते. हा लेख कितपत विश्वसनीय यावर अभ्यासकांत मतभेद झाले. त्यात तपशिलाच्या चुका आहेत, आणि घटनेनंतर चौतीस वर्षांनी, मृत माणसाविषयी, ऐकीव स्वरूपात तो लिहिलेला आहे. तरीही तो लेख वाचून अनेकांचा विल्स एका दिवसात बदलला. कालचा पूल आज गुन्हेगार. पुन्हा चारित्र्य पुढे आणि चरित्र मागे. एकोणिसाव्या शतकाने त्याला दारूसाठी आणि आत्महत्येसाठी नाकारले. विसाव्याच्या अखेरीने सलोख्यासाठी जवळ केले. एकविसाव्याने पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात नेले. प्रत्येक वेळी प्रश्न एकच: हा माणूस आपल्या उपयोगाचा आहे की नाही?

आमच्या मते चरित्राचे काम या प्रश्नाला नकार देण्याचे आहे. विल्स आदिवासी मुलांत वाढला, हे खरे. त्याच्या कुटुंबाने आदिवासींच्याच भूमीवर मेंढ्या चारल्या, हेही खरे. त्याचा बाप मारला गेला, आणि त्या मरणाच्या मोबदल्यात कित्येकपट माणसे मारली गेली. त्याने आदिवासी खेळाडूंना शिकवले आणि त्याचा मोबदला घेतला. ही वाक्ये ‘म्हणून’ या अव्ययाने जोडण्याची घाई करू नये. ‘आणि’ने जोडावीत. ‘आणि’ हे दुबळे अव्यय समजले जाते, पण जेथे कारण ठाऊक नाही तेथे त्याच्याइतके प्रामाणिक अव्यय नाही.

शिवाय ज्याच्याविषयी एवढा वाद घालता येतो त्याचे भाग्यही थोडे नव्हे. विल्सची पत्रे आहेत, त्याच्यावरची वृत्तपत्रीय कात्रणे आहेत, रुग्णालयातल्या नोंदी आहेत. त्याने शिकवलेल्या खेळाडूंचे काय? त्यांतला सर्वांत गुणी खेळाडू उनारिमिन. गोऱ्यांनी त्याला, तो ज्या कुरणावर राबत होता त्याच्या नावावरून, जॉनी मुला म्हटले. 1868 च्या इंग्लंड दौऱ्यात संघाने 47 सामने खेळले: 14 जिंकले, 14 हरले, 19 अनिर्णित. मुलाने त्यात 1,698 धावा काढल्या आणि 245 बळी घेतले. त्याचा सहकारी ब्रिपुम्यार्रुमिन, म्हणजे गोऱ्यांचा ‘किंग कोल’, त्याच दौऱ्यात लंडनमध्ये क्षयाने वारला. मुला 1891 मध्ये गेला. त्याच्या धावांचा हिशेब शेवटच्या आकड्यापर्यंत मिळतो. तो विल्सविषयी काय म्हणत असे, मेलबर्नच्या त्या गर्दीसमोर उतरताना त्याला काय वाटले, हे सांगणारा कागद नाही. चरित्र कोणाचे लिहिता येते आणि कोणाचे फक्त धावफलकावर उरते, हे माणसाच्या चारित्र्यावर ठरत नाही. ज्याच्या हाती कागद आला त्याचे चरित्र उरते.

त्या धावफलकाचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. 2020 च्या डिसेंबरमध्ये मेलबर्नच्या कसोटीत 112 धावा करून भारताला विजय मिळवून देणारा कर्णधार अजिंक्य रहाणे याला सामनावीराचे पदक देण्यात आले. हे पदक त्या वर्षी प्रथमच दिले गेले. त्याचा आकार 1868 च्या संघाच्या कंबरपट्ट्यावरील बकलावरून घेतलेला आहे आणि त्याचे नाव ‘मुला पदक’. महाराष्ट्रातल्या घराघरांत त्या पदकाचे छायाचित्र पाहिले गेले. मुला कोण, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.